वृद्धांचे घर : दान की ऋण?

परदेशीपुऱ्यात भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या तरुणास घरमालक प्रथम विचारतो, "काय काम करता?" सत्तरी ओलांडलेल्या माणसास मात्र तो निराळाच प्रश्न विचारतो, "मागे कोण आहे?" असे विचारण्यात घरमालकाची काही दुष्टबुद्धी असते असे नाही. भाडे थकले तर कोणाकडे मागावे, आजारपण आले तर कोणास बोलवावे, आणि शेवटची वेळ आली तर पुढचे सारे कोणी करावे, ही चिंता त्यालाही असतेच. तथापि ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ नाही त्याने राहावे कोठे, ही गोष्ट त्या एकट्या वृद्धापुरती राहत नाही. ती आपणां सर्वांची होते. निर्धन वृद्धास समाजाने व सरकारने घर द्यावे काय, आणि द्यावे तर कोणत्या नात्याने द्यावे, ह्याचा यथामति विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. श्रमाचे फळ म्हणून, मुलाचे कर्तव्य म्हणून, दान म्हणून, की ऋण म्हणून, अशी चार उत्तरे संभवतात. ती एकेक करून तपासू.

प्रथम श्रमाचा विचार. आपली ही वस्ती कापडगिरण्यांच्या आश्रयाने वाढली. मालवा मिल, कल्याण मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत. फरक इतकाच की पूर्वी ती कामाची ठिकाणे होती आणि आता पत्ता सांगण्याच्या खुणा झाल्या आहेत. लागून असलेले नंदानगर ही मूळची गिरणीकामगारांची वसाहत असून तिला गुलझारीलाल नंदा यांचे नाव आहे. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदान व कर्ज देण्याची योजना सुरू केली. तिच्यामागील नीती सरळ होती : देशाच्या उत्पादनास ज्याचा हात लागतो, त्याच्या डोक्यावर छप्पर असावे. नीती उत्तम खरी. परंतु हात थांबला म्हणजे छपराचे काय, ह्याचे उत्तर तिच्यात नव्हते.

ते उत्तर किती काळ लांबू शकते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांसाठी न्यायालयात दीर्घकाळ लढा चालला. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम त्यांना देण्याचा समारंभ झाला. लाभार्थी कामगारांची संख्या सुमारे ४,८०० होती. मधल्या तीस वर्षांत तरुण होते ते वृद्ध झाले, आणि वृद्ध होते त्यांतील अनेकांच्या वाट्याचे पैसे वारसांनी स्वीकारले. श्रमाचे फळ मिळाले हे खरे. परंतु ते खावयास दात राहिले नाहीत. शिवाय ह्या हिशेबात आणखी एक उणीव आहे. जी बाई चाळीस वर्षे पहाटे चार वाजता उठून पहिल्या पाळीचा डबा करीत आली, तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. घर हे केवळ श्रमाचे फळ मानले तर त्या बाईला घर मागण्याचा अधिकारच उरत नाही. म्हणून हे पहिले उत्तर अपुरे आहे.

दुसरे उत्तर बहुतेकांच्या ओठांवर असते : आईवडिलांना सांभाळणे हे मुलाचे काम, त्यात सरकार कशाला? ह्या उत्तरामागे आपली सारी परंपरा उभी आहे. पुंडलिकाने आईवडिलांची सेवा सोडली नाही. दारी आलेल्या देवाला विटेवर उभे केले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु त्या कथेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की पुंडलिकाजवळ घर होते. देव बाहेर थांबू शकला, कारण आईवडिलांना आत झोपावयास जागा होती. दहा फूट लांबीच्या एका खोलीत पतिपत्नी, तीन मुले आणि वर शिलाईचे यंत्र असेल, तेथे सेवेची इच्छा असूनही अंथरूण कोठे घालावे, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही.

कायद्यानेही पुत्रधर्म मान्य केला आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या वृद्ध आईवडिलांना पोसणे हे मुलगा व मुलगी दोघांचेही कर्तव्य आहे, आणि निर्वाह ह्या शब्दात अन्नवस्त्राबरोबर निवासही येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ह्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण दिले. साठ वर्षांवरील कोणाही निराधार आईबापाला तेथे अर्ज करता येतो; मूलबाळ नसेल तर जो नातलग वारसा घेणार, त्याच्याकडे मागता येते. ही तरतूद चांगली आहे आणि प्रसंगी तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु ज्याचा मुलगाच हातावर पोट असलेला आहे, अथवा ज्याला मूल नाही आणि वारसा द्यावयास काही नाही, त्याच्या बाबतीत ती निरुपयोगी ठरते. कर्तव्य सांगणे सोपे आहे. कर्तव्य करावयास जागा लागते.

येथे माझ्या घरच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही. माझे वडील पौरोहित्य करतात, आणि वास्तुशांतीच्या वेळी साहित्य मांडण्यास मी त्यांच्याबरोबर जातो. नव्या घरात राहावयास जाण्यापूर्वी नांदीश्राद्ध करण्याची आपली चाल आहे. होऊन गेलेल्या पितरांना मोठ्या आदराने बोलावून, त्यांना तृप्त करून, मगच आपण नव्या घरात नांदावयास जातो. ह्या विधीचा अर्थ मला फार सुंदर वाटतो : नवे घर केवळ आपले नाही, आपल्यापूर्वीच्यांचाही त्यावर हक्क आहे. परंतु काही ठिकाणी असेही पाहण्यात येते की, ज्या सदनिकेत पितरांचे आवाहन होते तिच्या नकाशात हयात असलेल्या आजीची खाट कोठेच बसत नाही. त्यात त्या कुटुंबाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. जागाच तेवढी असते. तथापि गेलेल्यांना आसन आणि असलेल्यांना अडचण, ही स्थिती धर्माला मान्य होईल काय, हे सुज्ञांनीच ठरवावे.

आता दानाचा विचार. आपल्या इंदूरला दानाची थोर परंपरा आहे. अहिल्याबाईंनी आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १७६७ ते १७९५ ह्या काळात, देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. परंतु धर्मशाळा आणि घर ह्यांत एक मूलभूत भेद आहे. धर्मशाळेत वाटसरू येतो, दोन रात्री राहतो आणि पुढे जातो. वृद्धाला पुढे जावयाचे नसते. त्याला त्याच उंबरठ्यात उद्याही बसावयाचे असते, तोच दूधवाला यावा अशी त्याची अपेक्षा असते, आणि कोणाला आत घ्यावे व कोणाला घेऊ नये हे त्याला स्वतः ठरवावयाचे असते. रात्रनिवारा, वृद्धाश्रम ह्या संस्था आवश्यक आहेत. अंथरुणास खिळलेल्यास तर दुसरा मार्गच नसतो. परंतु जो चालता-फिरता आहे, आपला चहा आपण करू शकतो, त्याला घराच्या ऐवजी आश्रय देणे म्हणजे तहानेल्याला भाकरी देण्यासारखे आहे.

दयेवर अवलंबून राहण्यात दुसरेही एक भय आहे. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच शहरातील रस्त्यांवर राहणाऱ्या निराधार वृद्धांना महानगरपालिकेच्या गाडीत घालून देवास मार्गावरील क्षिप्रा गावाजवळ उतरविण्यात आले. तेथील ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. पुढे संबंधितांवर कारवाईही झाली. जे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविले गेले, त्याच शहरात हे घडले. हा प्रसंग कोणाला दूषण देण्यासाठी येथे सांगितलेला नाही. त्याच शहरात रात्री रस्त्यावरील म्हाताऱ्यांना कांबळी वाटणारे लोकही आहेत. सांगावयाचे ते इतकेच की, ज्याच्याजवळ केवळ दुसऱ्याची दया आहे, त्याला आज कांबळे मिळते आणि उद्या गाडी येते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि अनादराने, तुच्छतेने दिलेले दान तामस ठरविले आहे. देणाऱ्याच्या मनःस्थितीवर घेणाऱ्याची झोप अवलंबून असावी, हे त्या अर्थाने बरे नव्हे.

उरले ते चौथे उत्तर. शास्त्रकारांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सांगितली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु शतपथ ब्राह्मणात चौथेही एक ऋण सांगितले आहे, ते मनुष्यऋण. जन्मतःच मनुष्य इतर मनुष्यांचा ऋणी असतो, आणि ते ऋण त्यांना वास दिल्याने व अन्न दिल्याने फिटते, असा त्या वचनाचा आशय आहे. अन्नदानाचा आपण पुष्कळ विचार केला. भंडारे होतात, पंक्ती उठतात. परंतु त्या वचनात राहावयास जागा देण्याचाही उल्लेख आहे, तो आपण अतिथीपुरता मर्यादित केला.

दान आणि ऋण ह्यांत व्यवहारतः काय अंतर पडते? पुष्कळ पडते. दान घेणाऱ्याने आभार मानावेत अशी अपेक्षा असते. आपले येणे परत घेणाऱ्याने कशाचे आभार मानावेत? दान देताना पात्रता पाहतात. हा म्हातारा पूर्वी दारू पीत होता, ही बाई भांडखोर होती, असे म्हटले जाते. देणेकऱ्याला असे बोलण्याचा अधिकार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दान मागावयास याचक दात्याच्या दारी जातो, पण ऋण फेडावयास ऋणकोने धनकोच्या दारी जावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयानेही १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात वृद्धांचा सन्मान, आरोग्य व निवारा हे घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्कात येतात असे मानले. जे ब्राह्मणग्रंथाने ऋण म्हणून सांगितले तेच न्यायालयाने दुसऱ्या बाजूने हक्क म्हणून सांगितले, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यावर कोणी आक्षेप घेईल की, तरुणांनाच घरे मिळत नाहीत. मग वृद्ध आधी का? आक्षेप पोकळ नाही. नवविवाहित जोडप्याला लागणारी खोलीही तितकीच खरी आहे. परंतु तरुणाजवळ एक धन आहे, ते काळाचे. पाच वर्षांनी मिळालेले घर त्याला तीस वर्षे पुरते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पाच वर्षे थांबा म्हणणे आणि नाही म्हणणे ह्यांत फारसा फरक नाही. दुसरा आक्षेप असा की, सरकारने घरे दिली तर मुले जबाबदारी झटकतील. काही झटकतील, हे मान्य केले पाहिजे. अशांसाठी न्यायाधिकरण आहेच. परंतु जागेच्या अडचणीमुळे रोज होणारी धुसफूस थांबली आणि आई जवळच निराळ्या खोलीत राहू लागली, तर संध्याकाळी नातवंडांचे येणे बहुधा वाढते. आपापले दार असले म्हणजे भेटीला गोडी राहते.

आता हे घर प्रत्यक्षात मिळते कसे ते पाहू. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेली शहरी भागासाठीची प्रधानमंत्री आवास योजना आणि २०२४ साली मंजूर झालेला तिचा दुसरा टप्पा, ही ह्यातील प्रमुख साधने होत. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत आहे ते दुर्बल घटकात मोडते. देशात कोठेही त्यांच्यापैकी कोणाच्या नावे पक्के घर नसावे अशी अट आहे. वृद्ध व अपंग यांना तळमजल्यावरील अथवा खालच्या मजल्यांवरील घरे देण्यास प्राधान्य असावे, असेही धोरण आहे. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु बांधलेली सदनिका घ्यावयाची तर अनुदान वजा जाता उरलेली रक्कम लाभार्थ्याने भरावयाची असते, आणि पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यास बँक सहसा तयार होत नाही. तात्पर्य, मालकीचे घर ही कल्पना तिशीतील मिळवत्या माणसाला समोर ठेवून केलेली आहे. वृद्धाला मालकी फारशी नकोच असते. त्याला मरेपर्यंत कोणी उठविणार नाही एवढी खात्री हवी असते.

इतर देशांनी ह्या बाबतीत निरनिराळे उपाय केले. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरी याकोब फुग्गर नामक धनिकाने १५२१ साली गरिबांसाठी वसविलेली वसाहत आजही नांदती आहे. तिचे वार्षिक भाडे एक जुने नाणे, म्हणजे आजच्या चलनात एका युरोहूनही कमी आहे. मात्र रहिवाशांनी दररोज तीनदा प्रार्थना करावी अशी दात्याची अट आहे. सिंगापूरमध्ये सरकारी घरांपैकी लहान घरे पंचावन्न वर्षांवरील नागरिकांना अल्प मुदतीच्या पट्ट्याने, त्यांच्या उर्वरित आयुष्यास पुरेल अशा बेताने, कमी किमतीत देतात. अमेरिकेत १९५९ पासून वृद्धांच्या घरांची स्वतंत्र योजना आहे, आणि तीत भाडे साधारणतः उत्पन्नाच्या तीस टक्के धरतात. हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहावा. मध्यप्रदेशात २०२४ साली निराधार वृद्धांची पेन्शन दरमहा ६०० रुपये होती. तिचे तीस टक्के म्हणजे १८० रुपये. एवढ्यात आपल्या आळीत कोणती खोली मिळेल, हे वाचक जाणतातच. म्हणजे उरलेला भार कोणीतरी उचलल्याखेरीज गत्यंतर नाही. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची तरतूद आहे; वृद्धांच्या दृष्टीने तिच्याकडे अधिक लक्ष देणे उचित ठरेल. मात्र हयातीपुरत्या हक्काची दुसरी बाजूही आपल्या आजी-पणजींनी भोगलेली आहे. १९५६ च्या वारसा कायद्यापूर्वी विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क असे, आणि त्या मर्यादेमुळे तिला दिराच्या तोंडाकडे पाहून दिवस काढावे लागत. म्हणून हयातीचा हक्क द्यावयाचा तो कागदावर पक्का असावा. कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने तो सुटता कामा नये.

घर कोठे असावे, हाही प्रश्न गौण नाही. १९१८ साली पॅट्रिक गेडिस ह्या नगररचनाकाराने इंदूर दरबारास शहराच्या रचनेविषयी अहवाल सादर केला. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यापेक्षा थोडे मोकळे करून, थोडे दुरुस्त करून त्या राखाव्यात, अशी त्याची विचारसरणी होती. शहराच्या टोकाला आठव्या मजल्यावर मिळालेले घर वृद्धाला अनेकदा नकोसे होते, कारण त्याची औषधे, त्याचे देऊळ आणि त्याला नावाने हाक मारणारी माणसे इकडेच राहतात. हुकुमचंद मिलच्या जमिनीवर निवासी व व्यापारी बांधकाम करण्याचे योजिलेले आहे. ज्यांनी तेथे उमेदीची वर्षे घालविली त्यांच्यापैकी निराधारांसाठी त्याच जमिनीवर काही तळमजल्याच्या खोल्या अल्प भाड्याने राखून ठेवाव्यात, अशी मागणी नागरिकांनी केल्यास ती अवास्तव म्हणता येईल काय?

सरकारचे ऋण सरकारने फेडावे. परंतु त्यात आपलाही एक वाटा आहे. आमच्या शेजारच्या आळीतील एका गिरणीकामगाराच्या विधवेबरोबर मी अर्जासाठी एका कार्यालयात गेलो होतो. आधारपत्रावर तिचे नाव एका प्रकारे आणि समग्र ओळखपत्रावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले निघाले. ते दुरुस्त केले तर यंत्रावर बोटांचे ठसे उमटेनात. सारा जन्म भांडी घासून आणि कपडे धुऊन बोटे गुळगुळीत झालेली. मग मोबाईलवर संकेतांक आला पाहिजे, तर तिच्याजवळ मोबाईल नाही. तेथील लिपिक वाईट माणूस नव्हता. नियमाप्रमाणे तो प्रत्येक वेळी परत पाठवीत होता. चार खेपा झाल्या. त्या चार खेपांत तिने घर केवढे आहे, कोणत्या भागात आहे, ह्यांपैकी काहीही विचारले नाही. एकदाच विचारले, "दाराला आतून कडी असेल ना रे?" गेली सहा वर्षे ती दुसऱ्याच्या पडवीत निजत होती, हे मला तेव्हा कळले. तिच्या अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही.

ह्यावरून माझ्या अल्पमतीस असे वाटते की, घरे बांधणे हे आपल्या शक्तीबाहेरचे असेल, परंतु दारापर्यंत पोहोचविणे हे आपल्या शक्तीतले आहे. प्रत्येक आळीतील ज्या वृद्धांना स्वतःचे दार नाही त्यांची यादी करावी. शिकलेल्या मुलामुलींनी एकेका वृद्धाची कागदपत्रे पाहावीत : नावे जुळतात काय, उत्पन्नाचा दाखला आहे काय, पेन्शन चालू आहे काय. अर्जाच्या दिवशी बरोबर जावे आणि तळमजल्याची मागणी लेखी नोंदवावी. छळ अथवा बेघर होण्याचा प्रसंग आल्यास वृद्धांसाठी १४५६७ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे, तो त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. घर मिळेपर्यंत ज्यांच्याकडे खोली रिकामी आहे त्यांनी "मागे कोण आहे" ह्या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या मंडळींपैकी दोघांची नावे घेऊन वृद्धास भाडेकरू म्हणून स्वीकारावे, आणि त्या दोघांनी आजारपणाची जबाबदारी घ्यावी.

ह्यात कोणीही स्वतःस परोपकारी समजू नये, आणि त्या वृद्धांनीही संकोच मानू नये. पुढील एकादशीस आरतीनंतर प्रत्येक घराने आपल्या शेजारच्या अशा एका माणसाचे नाव लिहून आणावे, एवढीच विनंती. नाव लिहून देणे हा फार जुन्या कर्जाचा पहिला हप्ता आहे. तो वेळेवर भरला जावा, कारण ज्यांचे येणे आहे त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे.